पर्यवेक्षकाच्या खुर्चीत कोण?

१९५७ साली सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला आपल्या शाळांतले विज्ञान आठवले. १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा आला. प्रयोगशाळेच्या साहित्यासाठी आणि राज्य पातळीवरच्या विज्ञान पर्यवेक्षकांसाठी केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. १९५९ मध्ये विज्ञान पर्यवेक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तीच पुढे 'नॅशनल सायन्स एज्युकेशन लीडरशिप असोसिएशन' झाली.

संघटना करण्यात गैर काही नाही. पण त्या खुर्चीपर्यंत पोहोचत कोण होते? दक्षिणेकडे तेव्हा शाळा वेगळ्या, शिक्षकांच्या राज्य संघटनाही वेगळ्या! कृष्णवर्णीयांची 'अमेरिकन टीचर्स असोसिएशन' राष्ट्रीय शिक्षक संघटनेत विलीन झाली ती थेट १९६६ मध्ये. ऐकायला समतेची गोष्ट. प्रत्यक्षात १९५४ च्या ब्राऊन निकालानंतर शाळा एकत्र करताना बंद पडल्या त्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्याच. हजारो शिक्षक घरी बसले. वर्षानुवर्षे शाळा चालवलेल्या मुख्याध्यापकांना खालच्या जागा दिल्या गेल्या. पर्यवेक्षक होतो तो शिक्षक, मुख्याध्यापक अशा पायऱ्या चढून. मुलांना वर्गात बसू दिले, पण त्या वर्गात कोणते उपकरण यावे, कोणता धडा असावा हे ठरवणाऱ्या जागेची शिडीच काढून घेतली.

आपल्याकडेही विज्ञान अध्यापक मंडळे आहेत. ती प्रदर्शने भरवतात. आपल्या वस्तीतले बी.एस्सी., बी.एड. शिक्षक त्यांची वर्गणी भरतात. कार्यकारिणीच्या निवडणुकीत त्यांतले किती जण अर्ज भरतात?