कंपनीला कळत नव्हतं का?

"मामा, कंपनीच्या इंजिनिअरांना कळत नव्हतं का? त्यांनी रबरी नळी लावली ती काय उगाच?"

हा सवाल आमच्या नाशिकच्या भाच्याचा. निमित्त यॉर्कशरमधल्या नातवाचं. त्याने घरच्या गटावर हट्ट धरला की मोटारसायकलच्या ब्रेकला पोलादी जाळीची नळी हवी. जावईबापू म्हणाले, नखरे बंद. मग भाच्याने वरचं वाक्य टाकून निकाल लावला आणि दहा जणांनी त्याखाली अंगठे उठवले. (अंगठा बघितला की मला अजून प्रौढ शिक्षणाचे वर्ग आठवतात. असो.)

भाचा इंजिनिअर, मी मराठीचा मास्तर. बी.ए., तेही मराठी माध्यमातून. तरी बोलतो. "कंपनीला कळत नव्हतं का" हा प्रश्नच नाही, प्रश्न टाळायची ती एक रीत आहे. कंपनीला कळतं हे मान्य. पण कंपनीने नळी लावली तेव्हा ती नवी होती ना? नातवाची गाडी जुनी घेतलेली, बारा वर्षांची, आणि नळी मूळचीच. यामाहाच्या गाड्यांबरोबर मिळणारी पुस्तिका उघडा. ब्रेकच्या नळ्या दर चार वर्षांनी बदला, तेल दर दोन वर्षांनी, असं त्यात छापलेलं सापडेल. म्हणजे कंपनीला कळतं, ती लिहूनही ठेवते. आपण वाचत नाही आणि वर तिचाच हवाला देतो!

आता ही गाडी कसली, ते सांगायला हवं, कारण अंगठेवाल्यांपैकी निम्म्यांना वाटतंय की पोरगं रस्त्यावर सुसाट जातं. ही ट्रायल्सची गाडी. वजन साधारण ७० किलो, बसायला सीट जवळपास नाहीच. वेगाशी संबंध नाही. खडक, ओढे, ओंडके यांवरून पाय न टेकता पार व्हायचं. पाय टेकला की दंडाचा एक गुण, अडलात किंवा पडलात की पाच. शिपलीच्या आल्फ्रेड स्कॉट या मोटारसायकलच्या कारखानदाराने १९१४ साली आपल्या कामगारांना माळरानातून गाडी हाकून दाखवायचं आव्हान दिलं, त्यातून तिथली स्कॉट ट्रायल सुरू झाली. बारा जागतिक विजेतेपदं मिळवणारा डगी लॅम्पकिन त्याच मुलखातला. आमच्या चिरंजीवांना वेड लागलं ते हवेतूनच, असं म्हणायला हरकत नाही.

या खेळात ब्रेक नुसता थांबण्यासाठी नसतो, तोल सांभाळण्यासाठी असतो. पुढचं चाक हवेत, मागचं खडकाच्या धारेवर, आणि लिव्हरवर एकच बोट. त्या बोटाने ब्रेक गव्हाच्या दाण्याएवढा ढिला करायचा, पुन्हा धरायचा. लिव्हर दाबली की तेल दाबलं जातं, तेल आकसत नाही, म्हणून तो दाब जसाच्या तसा चाकापाशी पोचतो. (हा पास्कलचा नियम मी शिकवला कधीच नाही, पण आमच्या शाळेत दोन वर्गांमध्ये नुसती प्लायवुडची भिंत होती. विज्ञानाचे सर मोठ्याने शिकवत.) तेल आकसत नाही, पण रबर फुगतं. जुनं रबर जास्त फुगतं. म्हणजे बोटाची थोडी हालचाल नळी फुगवण्यातच खर्च होते आणि लिव्हर मऊ लागते. रस्त्यावर ते चालून जातं. खडकाच्या धारेवर त्या मऊपणाचा अर्थ चार फुटांवरून खाली, अंगावर ७० किलो. जावईबापूंनी नखरा म्हटलं ते हे.

कधी कधी जुनी नळी बाहेरून ठणठणीत दिसते, आतलं अस्तर सुटलेलं असतं. मग तेल जातं, पण सहज परतत नाही. लिव्हर सोडली तरी ब्रेक धरून राहतो. पोलादी जाळीच्या नळीत आतून टेफ्लॉन असतं. ते फुगत नाही आणि रबरासारखी ओलही आत झिरपू देत नाही.

पण नातवालाही पूर्ण गुण देणार नाही. त्याचं कारण काय? "आबा, ब्रेकची पॉवर वाढते. आणि लाल रंगात मिळते." उत्तर बरोबर, रीत साफ चुकलेली! ब्रेकचा जोर ठरतो वरच्या आणि खालच्या दट्ट्यांच्या आकारावरून, नळीने तो वाढत नाही. नळी फक्त गळती थांबवते, बोटाला खरं काय ते कळवते. ज्यांनी त्याच्या डोक्यात "पॉवर" भरली ते व्हिडिओवाले नळी विकतात, पण तिच्याबरोबरचं काम सांगत नाहीत. जोडाच्या तांब्याच्या वॉशर नव्याच घालायच्या. पुढची नळी मोजायची ती शॉकअप पूर्ण ताणलेला असताना. जाळीवर प्लास्टिकचं आवरण हवं, नाहीतर ती घासून शेजारचा भाग कानशीसारखी कापते. आणि शेवटी हवा नीट काढायची. हवेचा एक बुडबुडा राहिला तर लाल नळी जुन्या रबरापेक्षा वाईट. याच्या क्लचलाही तेलाची नळी आहे. काही गाड्यांत तिथे खनिज तेल असतं. त्यात चुकून ब्रेकचं डॉट ४ ओतलं की आतली सगळी रबरं कामातून गेली. हे रंगाच्या आधी शिकायचं असतं.

नळ्यांचे, तेलाचे आणि वॉशरचे पैसे मी लेकीकडे पाठवले आहेत. रंग त्याचा त्याने ठरवावा.

आता अंगठेवाल्यांकडे वळतो. तुमच्या सगळ्यांच्या दारात डिस्क ब्रेकच्या मोटारसायकली आहेत, आणि भाचेबुवा तर दर महिन्याला कसारा घाट उतरतात. डॉट ४ तेल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या तेलासाठी तीच हमी १५५ अंशांवर येते. उतारावर सतत दाबलेल्या ब्रेकने तेल उकळलं की त्याची वाफ होते. वाफ आकसते, आणि लिव्हर थेट मुठीला टेकते. तर उद्या सकाळी हँडलवरच्या तेलाच्या डबीची काच बघा. तेल कोऱ्या चहासारखं दिसतंय का? नळी वाकवून बघा, बारीक चिरा आहेत का? असतील तर मेकॅनिककडे जा, नळी कंपनीची रबरीच घाला, माझी काही हरकत नाही. फक्त तेलाची सीलबंद बाटली तुमच्यासमोर फोडायला लावा.