पंचनामा कुणाच्या हातात?

अॅट्रॉसिटीच्या केसेसमध्ये राबणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला एक गोष्ट अनुभवाने कळलेली असते. फिर्याद कितीही जोरात लिहा, पंचनामा कच्चा निघाला की केस लंगडी होते. पंच कोण घेतले, त्यांनी काय पाहिलं, काय लिहिलं, काय लिहायचं टाळलं, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून आपण जागेवर हजर राहतो, भांडतो, सही करण्याआधी वाचून दाखवा म्हणतो. मग विम्याचा पंचनामा होतो तेव्हा आपण कुठे असतो?

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या एका भावाचा टेम्पो उलटला. फायनान्सवर घेतलेला, हप्ते चालू असलेला. विमा पूर्ण भरलेला. सर्व्हेअर आला, गॅरेजात दहा मिनिटं थांबला, फोटो काढले आणि गेला. गॅरेजवाल्याचा अंदाज होता १,८०,००० रुपयांचा. मंजूर झाले ६२,०००. बाकीचं काय? काही घसारा, आणि बरंचसं 'जुनी झीज, अपघाताशी संबंध नाही' या एका ओळीत गेलं. त्या रिपोर्टची प्रत मागण्याचा हक्क विमाधारकाला आहे, हे त्या भावाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी समाजशास्त्रात एमए आहे! टेम्पो विकला गेला. आज तो दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे.

घसाऱ्याचा काही भाग ठरलेला असतो, हे मान्य. गाडीच्या साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के कापतात, काचेवर काही कापत नाहीत, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कापतात. त्यात जात नाही, गणित आहे. पण कोणता भाग या अपघातात मोडला आणि कोणता आधीच मोडलेला होता, हे गणित ठरवत नाही, माणूस ठरवतो. तो माणूस कोण, कुठून आला, वस्तीतल्या गाडीकडे आणि वस्तीतल्या माणसाच्या शब्दाकडे कोणत्या नजरेने बघतो, हा प्रश्न विचारला की लोक म्हणतात, तुम्ही सगळीकडे जात आणता. आम्ही आणत नाही हो. ती आमच्या आधीच तिथे खुर्ची टाकून बसलेली असते.

आता कायदा बघू. विमा कायदा १९३८चा. त्यात १९६८च्या दुरुस्तीने कलम ६४ यूएम आलं. एका ठरावीक रकमेच्या वरचा सर्वसाधारण विम्याचा दावा परवानाधारक सर्व्हेअरच्या अहवालाशिवाय कंपनीला सहसा चुकता करता येत नाही. परवाना देते ती विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, म्हणजे आयआरडीएआय. २०१५च्या नियमावलीप्रमाणे वाट अशी आहे: इंजिनिअरिंगची पदवी किंवा पदविका, शेतीची पदवी, सीए, कॉस्ट अकाउंटन्सी अशी एखादी पात्रता हवी. मग सर्व्हेअरांच्या संस्थेत विद्यार्थी म्हणून नाव नोंदवायचं, एका परवानाधारक सर्व्हेअरच्या हाताखाली बारा महिने काम शिकायचं, दर तिमाहीचा अहवाल द्यायचा, आणि इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची परीक्षा पास व्हायची.

पात्रतेच्या यादीत पदविका आहे, हे पुन्हा वाचा. सरकारी तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन आपली किती पोरं आज कंपनीच्या गेटवर कंत्राटी पास गळ्यात घालून उभी आहेत? त्यांच्यासाठी हे दार कागदावर उघडं आहे. परीक्षाही अवघड म्हणावी अशी नाही, आपली पोरं तिच्याहून अवघड परीक्षांत घासून निघालेली आहेत.

अडतं ते मधल्या पायरीवर. 'एका परवानाधारक सर्व्हेअरच्या हाताखाली.' हा सर्व्हेअर कुठे मिळतो? त्याला जाहिरात नाही, यादीत नंबर लागत नाही, मुलाखतही नाही. काकांचे मित्र असतात, सोसायटीतले शेजारी असतात, वडिलांच्या ऑफिसातले ओळखीचे असतात. ज्याच्या घरात तिसऱ्या पिढीपर्यंत कुणी विमा ऑफिसची पायरीच चढलेलं नाही, त्याने कुणाला 'काका' म्हणायचं?

मी ज्याच्याबरोबर फिरलो तो पोरगा डिप्लोमाला फर्स्ट क्लास. सात महिने फिरलो आम्ही. एका ठिकाणी सांगितलं, सध्या जागा नाही. दुसऱ्याने आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावात राहायला कुठल्या बाजूला हे विचारलं, आणि 'कळवतो' म्हणाला. तिसरा सरळ होता. तो म्हणाला, घे शिकायला, पण वर्षभर पैसे मिळणार नाहीत, बाईक आणि पेट्रोल तुझं. माझ्या पाहण्यात आलेल्या एकाही शिकाऊ मुलाला स्टायपेंड मिळालेला नाही. ज्याच्या घरी आईच्या मजुरीवर चूल पेटते, तो वर्षभर फुकट कसा राबेल? फुकट राबायचंच असेल तर ते आमच्या बापजाद्यांनी भरपूर केलं आहे.

आणि मग याच लोकांच्या तोंडी गुणवत्ता! परीक्षा सगळ्यांना सारखीच आहे म्हणे. पण परीक्षेच्या हॉलपर्यंत जायचा जिना खाजगी आहे, त्याच्या किल्ल्या ओळखीपाळखीत वाटलेल्या आहेत, हे कोण बोलणार?

परवाना मिळाला तरी सुटका नाही. तीन वर्षांनी नूतनीकरण, संस्थेचं सभासदत्व टिकवायचं, प्रशिक्षण चालू ठेवायचं. हे सगळं जमेल. खरा प्रश्न कामाचा. कोणता क्लेम कोणत्या सर्व्हेअरकडे द्यायचा हे कंपनी ठरवते आणि फीसुद्धा कंपनीच देते. पॅनेलवर नाव नाही तर परवाना भिंतीवर टांगायचा. सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्या चार आहेत, १९७२च्या राष्ट्रीयीकरणातून घडलेल्या. त्यांच्या नोकरभरतीत आरक्षण आहे. पण सर्व्हेअर त्यांचा नोकर नाही, स्वतंत्र व्यावसायिक आहे, म्हणून तिथे आरक्षणाचा प्रश्नच येत नाही, असं उत्तर मिळतं. पैसा सार्वजनिक, कंपनी सार्वजनिक, आणि काम वाटायची पद्धत तेवढी घरगुती!

आपल्यातलेच काही मित्र म्हणतात, हे कंपन्यांची बाजू राखायचं काम आहे, आंबेडकरी पोरांनी त्यात कशाला पडायचं. सर्व्हेअरची आचारसंहिता त्याला कंपनी आणि विमाधारक दोघांशीही निष्पक्ष राहायला सांगते. ती पाळली जात नाही म्हणून ती जागा सोडून द्यायची? पोलिसांत अन्याय होतो म्हणून आपण पोलीस भरती सोडली का? आपला माणूस तिथे गेला की न्याय होईलच, असं मी म्हणत नाही. आपल्याच काही साहेबांनी काय दिवे लावले ते सगळ्यांना दिसतं आहे. पण वस्तीतला टेम्पो म्हणजे एका घराची दहा वर्षांची कमाई असते, हे वेगळं सांगावं न लागणारा माणूस गॅरेजात उभा असला तर रिपोर्टातली ती एक ओळ लिहिताना निदान हात थांबतो.

आणि विमा हा विषयच आपला नाही, असं समजणाऱ्यांनी बाबासाहेबांचं 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' काढून वाचावं. १९४७चं. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी केलेलं हे निवेदन. त्यात बाबासाहेब शेती आणि मूलभूत उद्योगांच्या बरोबरीने विम्याबद्दलही बोलतात. विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा घेणं राज्याने बंधनकारक करावं, अशी त्यांची मागणी होती. विमा म्हणजे कर वाचवायची मध्यमवर्गीय युक्ती, असं त्यांनी कधी मानलं नाही. त्यांनी त्याला घटनेच्या मसुद्यात जागा मागितली. आपण त्याला एजंटच्या पिशवीत सोडून दिलं.

आपल्या चळवळीलाही दोन शब्द सुनावायला हवेत. एमपीएससीच्या अभ्यासिका आपण गल्लोगल्ली काढल्या, चांगलं केलं. पण वयाच्या तिशीपर्यंत पोरं त्याच खुर्चीवर बसलेली बघताना आपल्याला काहीच वाटत नाही का? बार्टी स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेते. तिच्याकडे सर्व्हेअरच्या बारा महिन्यांच्या उमेदवारीसाठी विद्यावेतन मागायला आपलं एक तरी शिष्टमंडळ गेलं का? शिकाऊ उमेदवार कोणाकडे जाईल हे ओळखीवर न सोडता संस्थेने नंबर लावून वाटावं, सरकारी विमा कंपन्यांनी पॅनेल आणि वर्षभरात कुणाला किती कामं दिली याची यादी उघड करावी, या मागण्यांचं निवेदन एका पानात मावतं. माहिती अधिकाराचा अर्ज तर दहा रुपयांत होतो. सरकारी कंपन्यांना तो लागू आहे.

क्लेम कापला गेला तर गप्प बसू नका. सर्व्हेअरचा रिपोर्ट म्हणजे शेवटचा शब्द नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलं आहे. रिपोर्टची प्रत लेखी मागा, विमा लोकपालाकडे जा, ग्राहक आयोगात जा. सर्व्हे होताना वस्तीतला एक शिकलेला पोरगा शेजारी उभा करा आणि आपले फोटो आपण वेगळे काढा, तारीख-वेळेसकट.

तो डिप्लोमावाला पोरगा शेवटी त्या तिसऱ्या सर्व्हेअरकडेच लागला. पेट्रोलसाठी आम्ही पाचजण दर महिन्याला पाचशे रुपये काढतो. त्याचा तिसरा तिमाही अहवाल गेल्या आठवड्यात गेला.