काम शिकविणाऱ्याची जबाबदारी

गावातील शिकलेल्या तरुणाला काम येत नाही, अशी तक्रार आपण सर्वच करतो. परंतु त्याला काम शिकविण्याची तसदी फार थोडे जण घेतात. पूर्वी सुताराचा मुलगा बापाशेजारी बसून रंधा व वाकस हाती धरीत असे आणि काही वर्षांत पाभर घडविण्याइतका तयार होई. आता शेतीची साधने बदलली. ठिबक संच, विद्युत पंप, फवारणी यंत्र, मालाची प्रतवारी, गोदामाची राखण ही कामे घरोघर शिकविली जात नाहीत. म्हणून ती शिकविण्याच्या व्यवस्थेत शासनाने लक्ष घालणे क्रमप्राप्त ठरते.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली. कारखान्यांतील उमेदवारीसाठी १९६१ साली शिकाऊ उमेदवार अधिनियम झाला. कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात येतात, त्यांना आपण कृषिदूत व कृषिकन्या म्हणून ओळखतो. त्याच वाटेवर महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. १८ ते ३५ वर्षे वयाच्या उमेदवारास शासकीय कार्यालयात अथवा खाजगी आस्थापनेत सहा महिने प्रत्यक्ष काम, आणि दरमहा विद्यावेतन म्हणून बारावी उत्तीर्णास ६,०००, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून किंवा पदविका घेऊन आलेल्यास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये थेट बँक खात्यात, अशी तिची रचना करण्यात आली. २०२५ साली प्रशिक्षणाची मुदत पाच महिन्यांनी वाढवून अकरा महिने करण्यात आली.

अकरा महिन्यांच्या हिशेबाने एका पदवीधरावर १,१०,००० रुपये खर्च होतात. ही रक्कम वाया गेली की सत्कारणी लागली, हे तिच्या आकड्यावरून ठरणार नाही. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी त्या तरुणास असे कोणते काम येते, जे पहिल्या दिवशी येत नव्हते, यावरून ते ठरेल.

या योजनेवर दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा की, ही केवळ बसून खाण्याची सोय होय. दुसरा प्रशिक्षणार्थींचा आहे: मुदत संपल्यावर पुढे काय? कायम करून घ्यावे, अशी मागणी त्यांच्यापैकी अनेकांनी केली. माझ्या मते दोन्ही आक्षेपांचे मूळ एकच आहे. ज्याला कसब मिळाले, त्याला कोणी बसून खाणारा म्हणणार नाही व त्यालाही एकाच खुर्चीची आशा धरून राहावे लागणार नाही. ज्याच्याकडून मुदतभर केवळ कागदांच्या प्रती काढविल्या, जावक नोंदविले आणि टपाल पोहोचविले, त्याच्या हाती प्रमाणपत्राखेरीज काय उरणार? त्याने नोकरीचा आग्रह धरला, तर दोष त्याचा नव्हे.

माती परीक्षणाचे साधे उदाहरण घ्या. प्रशिक्षणार्थ्याला शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक व पीक यांची यादी भरावयास बसविता येते. त्यात तो टंकलेखनापलीकडे काही शिकत नाही. त्याच तरुणाला शेतात नेऊन नागमोडी वळणाने जागा निवडणे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा खड्डा घेऊन कडेची माती खरवडणे, सर्व माती एकत्र करून चार भाग पाडणे व समोरासमोरचे दोन भाग टाकीत अर्धा किलो नमुना उरविणे, हे सर्व त्याच्याच हातून करवून घेतले, तर दोन दिवसांत तो गावाच्या उपयोगाचा माणूस होतो. विहिरीजवळचा, बांधालगतचा किंवा शेणखताच्या ढिगाखालचा नमुना का घेऊ नये, हे त्याला कळते आणि तो दुसऱ्यास सांगूही शकतो. बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजणे, ठिबकच्या नळ्यांची टोके उघडून गाळ काढणे, वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने धुणे, ही कामेही तशीच आहेत.

यासाठी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी कटाक्षाने कराव्यात. प्रशिक्षणार्थी हजर होताच त्याला शिकावयाच्या कामांची यादी लेखी द्यावी. त्याचा एकच मार्गदर्शक नेमावा. सर्वांचा असलेला माणूस कोणाचाच राहत नाही. आणि दर महिन्यास एक काम त्याच्याकडून स्वतंत्रपणे करवून पाहावे. आपल्यामागे आधीच कामाचा बोजा आहे, हे मी जाणतो. तरीही, शिकविण्यास वेळ नसेल तर माणूस मागूच नये. फुकटचा हात म्हणून तरुणाला राबविणे हे त्याच्या उमेदीच्या वर्षाशी केलेले वर्तन योग्य नव्हे.

शासनासही एक विनंती करावीशी वाटते. खाजगी आस्थापनांसाठी किमान तीन वर्षांची स्थापना, भविष्य निर्वाह निधी आदी नोंदण्यांच्या अटी घालण्यात आल्या. गैरप्रकार टाळण्यास त्या आवश्यकच होत्या. परंतु गावचा पंप दुरुस्त करणारा कारागीर, लहान रोपवाटिका, अवजारांचे वर्कशॉप यांपैकी फार थोड्यांना त्या पुऱ्या करता येतात. आणि शेतीला लागणारे कसब तर तेथेच आहे. अशा कारागिरांना शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था यांच्या छत्राखाली एकत्र नोंदवून प्रशिक्षणार्थी देता आले, तर मोटार बांधणारा गावातच तयार होईल आणि ऐन उन्हाळ्यात जळालेला पंप घेऊन तालुक्याला जाण्याची पाळी शेतकऱ्यावर येणार नाही.

शेतकरी बंधूंनीही आपले शेत या शिक्षणासाठी मोकळे ठेवावे. शिकाऊ मुलाकडून एखादी सरी वाकडी जाईल, एखादे कलम वाळेल, तेवढे सोसावे. आणि तरुणांनी विद्यावेतनाची तारीख मोजण्याऐवजी आपणास येऊ लागलेली कामे वहीत लिहून ठेवावीत. मुदत संपेल, विद्यावेतन थांबेल. हाताला लागलेले वळण मात्र त्याच्याजवळ राहील. ते लावून देणे हे आपणा शिकविणाऱ्यांचे काम आहे.