घोडी उचलणारे

आपल्याकडे काही माणसे एकाच औषधावर आयुष्य काढतात. पोट दुखले की ओवा, दार कुरकुरले की तेल, मुलगा ऐकत नाही की वसतिगृह. घरोघर इलेक्ट्रिक गिटारी आल्यापासून याच जातकुळीतला एक पंथ फोफावला आहे. तार खरखरली की ही मंडळी नाडीसुद्धा न बघता सांगतात, "घोडी उचला!" घोडी म्हणजे खालच्या बाजूला तारा जिच्यावर टेकतात तो ब्रिज. माझे भांडण या पंथाशी आहे.

या औषधाने खरखर थांबते, हीच तर खरी पंचाईत. तारा पडद्यांपासून (फ्रेटना मी सतारीच्या सवयीने पडदेच म्हणणार) इतक्या उंच जातात की खरखरायला त्यांना काही सापडतच नाही. पण हिशेब बघा. घोडी एक मिलिमीटर उचलली, तर बाराव्या पडद्याशी तार अर्धा मिलिमीटर उचलली जाते आणि पहिल्या पडद्याशी मिलिमीटरचा जेमतेम अठरावा भाग. म्हणजे खरखर पहिल्या तीनचार पडद्यांवर असेल, तर ती घालवायला घोडी पार माळ्यावर न्यावी लागते! मग तार दाबायला पैलवान लागतो, आणि एवढी दाबलेली तार ताणली जाऊन सूर चढतो तो वेगळाच.

आमच्या मजल्यावरच्या एका मुलाचे असेच झाले. नवी गिटार, तिच्यावर दुकानातून बारीक तारा चढवून आणलेल्या. खरखर सुरू झाली, तशी त्याच दुकानाने घोडी उचलून दिली. महिन्याभरात पोराची बोटे सोलून निघाली आणि गिटार कपाटावर गेली. वडील म्हणाले, "मी म्हटलंच होतं, याच्यात ते नाहीच मुळी." मी पट्टी लावली. बाराव्या पडद्यापाशी तार चार मिलिमीटर वर! तिथे दीड-दोन मिलिमीटर पुरतात. चार मिलिमीटरवर कपडे वाळत घालावेत, गाणे वाजवू नये.

मूळ दुखणे होते दांडीत. सहा तारा मिळून दांडीला चाळीस-पंचेचाळीस किलोंनी ओढत असतात. सिमेंटच्या गोणीला थोडेच कमी. त्या ओढीला तोंड द्यायला दांडीच्या पोटात लोखंडी सळी असते, ट्रस रॉड. ही युक्ती गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांची, 1923 च्या पेटंटची. तारा बारीक केल्या की त्यांची ओढ कमी होते, सळी शिरजोर होते आणि दांडी मागे वाकते. पावसाळ्यात लाकूड फुगते, कोरड्या हवेत आक्रसते, तेव्हाही दांडी हलते. आता, तार छेडली की ती दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखी मध्यभागी सर्वांत जास्त झुलते. तिला झुलायला जागा हवी, म्हणून दांडीला मुळात किंचित बाक लागतो. बाकच गेला तर बिचारी तार पडद्यांवर आपटणार नाही तर काय करणार?

बाक मोजायला कोणी इंजिनिअर नको. तारा सुरात लावा. एक तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरा आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी वाकून बघा. पाव मिलिमीटर फट हवी, साधारण व्हिजिटिंग कार्डाएवढी. फट नसेल, तर सळी पाव फेरा सैल करा, तारा पुन्हा सुरात लावा, पुन्हा बघा. घोडीकडे वळायचे ते यानंतर.

खरखर कुठे होते तेही ऐकावे. पहिल्या पडद्यांवर असेल तर दांडी बघा. वरच्या पडद्यांवर सगळीकडे असेल तर घोडी खरेच खाली असू शकते. तिथे या पंथाला मी शंभर गुण देतो. नुसती मोकळी तार खरखरत असेल तर वरच्या नटची खाच खोल गेलेली असते. एकाच जागी असेल तर शेजारचा एखादा पडदा वर आलेला असतो. आणि अँप्लिफायरमधून काहीच ऐकू येत नसेल, तर कृपा करून कुठेच हात लावू नका.

यावर हे लोक डोळे मोठे करून म्हणतात, "सळीला हात लावू नका हं, मोडेल!" अहो, जोर लावला तर नळाची तोटीसुद्धा मोडते. बरोबर मापाचा पाना घ्यावा, एका वेळी पाव फेराच द्यावा आणि सळी अडली तर तिथेच थांबून जाणत्या कारागिराकडे जावे. धोका नवशिक्याच्या हातापेक्षा घाईच्या हातात जास्त असतो.

खरे म्हणजे हे सारे मराठी माणसाला सांगावे लागू नये. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा घासून आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून तानपुऱ्यात मुद्दाम झणकार आणतात. तीच जवारी. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तार कुठे, किती आणि कशाला टेकते याची केसभर पारख ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिथे गिटारीला मात्र एकच उपाय?

म्हणून माझी मागणी साधी आहे. गिटार विकणाऱ्याने ती जुळवून द्यावी, आणि तारा बदलल्या तर पुन्हा बघून द्यावी. पालकांनी, पोराच्या अंगात कला नाही असा निकाल देण्याआधी, बाराव्या पडद्याशी पट्टी लावावी. कला मोजायची पट्टी अजून बाजारात आलेली नाही. तारेची उंची मात्र कंपासपेटीतल्या पट्टीनेही मोजता येते.