निरोगी दिसणाऱ्या पेशी

वेरूळ-खुलताबादच्या रस्त्यावरील वानरांच्या टोळ्या आपल्या नित्य परिचयाच्या आहेत. परंतु उत्तर हिंदुस्थानातून हजारोंच्या संख्येने परमुलखी रवाना झालेल्या ऱ्हीसस माकडांच्या मूत्रपिंडांतील पेशींवर पोलिओची लस तयार होत असे, आणि त्याच पेशींत दडलेला एसव्ही-४० विषाणू १९६० साली स्वीट व हिलमन या संशोधकांनी उघडकीस आणला, हा वृत्तांत वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. ऱ्हीससच्या पेशींत हा विषाणू निमूट वास करतो, सूक्ष्मदर्शकाखाली विकृती म्हणून दिसत नाही. आफ्रिकेतील हिरव्या माकडाच्या पेशींत मात्र त्याचा शिरकाव झाला की पेशीद्रव्यात पोकळ्या पडून ते जाळीदार होते आणि अखेर पेशी मरतात. लसीतील पोलिओचे विषाणू निष्प्रभ करण्यासाठी वापरलेल्या फॉर्मॅलिनलाही तो पुरती दाद देत नसे. माकडांची निर्यात भारत सरकारने १९७८ साली बंद केली. तो हुकूम आम्हांस उशिराचा, तथापि सर्वस्वी न्याय्य वाटतो.