अज्जींच्या ओव्या आणि घरचा संगणक

सुट्टीला पुण्या-हैदराबादची मुले आमच्या ठाणाकुशनूरला आली की हल्ली त्यांच्या बॅगेत एक मायक्रोफोनही असतो. भजनी मंडळाचे गाणे, आजोबांचा अभंग, अज्जींच्या जात्यावरच्या ओव्या, सगळे घरच्या संगणकात भरून घ्यायचे असते. आनंदाचीच गोष्ट आहे. पण दोन दिवसांत तक्रारी सुरू होतात. आवाज मध्येच तुटतो, कट्‌कट् वाजते, गाणाऱ्याला आपलाच आवाज हेडफोनमधून उशिरा ऐकू येतो. मग घरातले कोणीतरी जाणते जाहीर करते, संगणक जुना झाला, नवा घ्या.

माझे म्हणणे एवढेच, की आधी आवाज जपा, मग दुखणे नेमके कुठे आहे ते पाहा, आणि खर्च सर्वांत शेवटी करा.

आमच्या घरी हा प्रश्न यंदा आला. सासूबाईंचे माहेर भालकीकडचे, कन्नड बोलणारे. त्यांना बीसो कल्लिन पदेही येतात आणि मराठी ओव्याही. एक संपून दुसरी कधी सुरू झाली, हे त्यांच्याही ध्यानात येत नाही. वय ऐंशीच्या पुढे गेले, दम आता पूर्वीसारखा पुरत नाही. मुलगा म्हणाला, "आई, नवा लॅपटॉप येईपर्यंत थांबू या." उत्तर सासूबाईंनीच दिले, "यंत्र थांबेल रे बाळा, मी थांबेन का?" त्याच आठवड्यात जुन्याच संगणकावर काम सुरू केले आणि ते नीट झाले.

ते का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. साध्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात संगणक आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने घेतो. एका आवाजासाठी हे काम सेकंदाला जेमतेम 88 किलोबाइटचे असते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची हार्ड डिस्कही याच्या कैक पट वेगाने लिहू शकते. म्हणजे अज्जींचा आवाज संगणकाला जड होत नाही. त्याच वेळी मागे चाललेली इतर कामे त्याला दमवतात.

म्हणून आधी मोजमाप. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी शंभर टक्क्यांच्या जवळ कोण जाते ते रेकॉर्डिंग चालू असतानाच पाहावे. बहुतेक घरांत व्हायरस तपासणी, विंडोजचे अपडेट नाहीतर ब्राउझरच्या वीस उघड्या खिडक्या सापडतात. रेकॉर्डिंगपुरते वाय-फाय बंद करावे, बाकीचे प्रोग्राम बंद करावेत, वीज वाचवण्याची सेटिंग काढून टाकावी आणि डिस्कवर भरपूर जागा मोकळी ठेवावी. यातल्या कशालाही पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट बफरची. बफर म्हणजे नळाखाली ठेवलेली बादली समजा. बादली लहान असेल तर ती सारखी रिकामी करावी लागते, जरा हात चुकला की पाणी सांडते. तीच ती कट्‌कट्. बादली मोठी असेल तर सांडत नाही, पण पाणी पुढे पोचायला वेळ लागतो. 1,024 नमुन्यांच्या बफरला सुमारे 23 मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जवळपास 8 मीटर जातो. जाऊन-येऊन हा उशीर दुपटीहून अधिक होतो, म्हणजे तबलजी देवळाच्या पार दुसऱ्या टोकाला बसल्यासारखे. नुसत्या ओव्या घ्यायच्या असतील तर हेडफोनची गरजच नसते, तेव्हा बफर मोठा ठेवावा. आधी घेतलेल्या पेटीवर नंतर तबला चढवायचा असेल तर तो लहान करावा. तुमच्या ऑडिओ इंटरफेसला 'डायरेक्ट मॉनिटर'चे बटण असेल तर त्याहून सोपे. गाणाऱ्याला आपला आवाज संगणकातून फिरून न येता थेट ऐकू येतो.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा. आपल्याकडे पुष्कळ घरांत अर्थिंग धड नसते. त्यामुळे येणारी गुणगुण अनेकदा अशाने जाते, आणि मध्येच वीज गेली तरी पद अर्धवट राहत नाही.

एवढे करूनही भागले नाही, तर खर्चाचा क्रम असा ठेवावा. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल तर एसएसडी बसवा. जुन्या संगणकाला सर्वांत जास्त फरक यानेच पडतो. मेमरी भरून जात असेल तर रॅम वाढवा. प्रोसेसर दमत असेल तर तयार झालेल्या ट्रॅकवरचे इफेक्ट पक्के करून टाका, म्हणजे तेच गणित पुन्हा पुन्हा करावे लागणार नाही. नवा संगणक त्यानंतर. वीस ट्रॅकचे गाणे बांधणाऱ्याला तो लागेल, ओव्या जपणाऱ्याला नाही.

विंडोज 10 ला मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि पुष्कळ जुने संगणक विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. असा संगणक टाकून देऊ नका. नेटला न जोडता तो नुसत्या रेकॉर्डिंगला ठेवता येतो. नवी प्रणाली घालायचीच असेल तर आपल्या इंटरफेसचा ड्रायव्हर तिच्यावर चालतो का, हे आधी पाहा. आणि हातातले काम अर्धे असताना अपग्रेड करू नका.

आमच्या नात्यातल्या एका घरी नेमके हेच झाले. आजोबांची भजने जुन्या संगणकात होती. विंडोज नव्याने घालण्याआधी मुलांनी प्रोजेक्टची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. ती फाइल म्हणजे नुसती सामानाची यादी होती. सामान, म्हणजे आवाज, शेजारच्या फोल्डरमध्ये होता आणि तो पुसला गेला. आजोबा तोवर गेले होते.

काही सॉफ्टवेअर सगळे एकाच फाइलमध्ये ठेवतात. फुकट मिळणाऱ्या ऑडॅसिटीतही 2021 च्या 3.0 आवृत्तीपासून तशी सोय आहे. तरी प्रोजेक्टच्या भरवशावर राहू नये. प्रत्येक पद त्याच दिवशी वेव्ह फाइल करून काढावे. ती कुठल्याही संगणकावर वाजते. एका आवाजाचा एक तास सुमारे 320 एमबी होतो, म्हणजे 64 जीबीच्या पेन ड्राइव्हवर जवळपास 200 तास मावतात. एक प्रत घरात, एक बाहेरगावच्या मुलाकडे आणि एक वेगळ्या डिस्कवर, अशा तीन प्रती असाव्यात.

गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला आणि 2017 पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर लोकांसमोर येऊ लागला. संग्राहक दोघेही आज नाहीत, ओव्या मात्र त्या-त्या बाईच्या आणि गावाच्या नावासह आहेत. नाव लिहून ठेवले म्हणून हे शक्य झाले.

तेव्हा फाइलला 'नवे रेकॉर्डिंग 7' असे नाव देऊ नका. गाणारीचे नाव, माहेरचे गाव, तारीख आणि पद कोणत्या भाषेतले, एवढे लिहा. जमल्यास मराठी आणि कन्नड, दोन्ही लिप्यांत लिहा. आपल्या घरांत एक नातू देवनागरी वाचतो, दुसरा कन्नड. अज्जी दोघांची आहे.