चौकातली देवी कोण?

पडदे, साड्या, उशांचे अभ्रे, सगळीकडे हल्ली वारली चित्रं दिसतात. आमच्या दातिवऱ्याच्या बायकाही हौसेने घेतात. पण चौकटीतली ती देवी कोण, असं विचारलं तर सगळ्या गप्प!

मैत्रिणींनो, ती पालघाट देवी. लग्नाची, सुफलतेची देवता. वारली घरात लग्न निघालं की सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने तिचा चौक लिहितात. त्याशिवाय लग्न लागत नाही. आणि लग्न लावते कोण? धवलेरी, म्हणजे बाईच! शहरातल्या स्त्री-पुरोहितांचं आपण केवढं कौतुक करतो. पण शेजारच्या पाड्यावरची ही जुनी रीत आपल्या गावीही नसते.

धान्याची कणसरी, पावसाचा नारनदेव, रानातला वाघदेव ही सारी वारल्यांची दैवतं. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, चित्रं जगभर गेली. देवांची नावं मात्र मागेच राहिली.

‘हे सगळं अंधश्रद्धाच ना?’ असं कुणी म्हणेल. एखाद्या बाईला भुताळी ठरवून छळणं ही अंधश्रद्धाच, आणि २०१३ च्या कायद्याने तो गुन्हाही आहे. तिथे गप्प बसायचं नाही. पण भाताला देवी मानणं कुणाचं काय बिघडवतं?

तेव्हा पुढच्या हळदीकुंकवाला एखाद्या धवलेरीला मानाने बोलवा. वाण द्या, आणि तिच्याकडून देवीची गोष्ट ऐका. मुलींनाही जवळ बसवा.